दोन्ही हातांची नाडी

मार्च १७६०. तुम्ही परतूरच्या माळावर उभे आहात. महिनाभरापूर्वी उदगीरला निजामाला हरवून आलेली फौज इथे जमली आहे आणि सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे कूच करण्याच्या तयारीत आहेत. राहुट्या, बैल, तोफांचे गाडे, यात्रेकरू, बाजारबुणगे. जनावरांनी नदीचं पाणी गढूळ करून टाकलंय आणि धुरळा तुमच्या दातांत करकरतोय.

एका राहुटीबाहेर वैद्य बसला आहे. पन्नाशीचा शिलेदार त्याच्यापुढे येऊन बसतो, दोन खांद्यांच्या मधे पाठीत दुखतं म्हणतो. वैद्य त्याचा उजवा हात घेतो आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवतो: पहिल्याखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा, ही रीत. शिलेदाराचा दुसरा हात मांडीवर तसाच पडून आहे. तुम्ही अडीचशे वर्षांनंतरचे आहात, म्हणून तुम्हाला तो हातही उचलावासा वाटतो. छातीतल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत बिघाड झाला तर तो कधीकधी दोन मनगटांतल्या फरकातून कळतो. तुम्ही त्याच्या डाव्या मनगटावर बोटं टेकवता. पण सांगणार कुणाला? तुमचा आवाज इथे कुणाला ऐकू येत नाही. या प्रवासात तुम्हाला दिसेल, ऐकू येईल, हाताला जाणवेल. बदलता मात्र काही येणार नाही.

ती रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघते, वर जाते, हातांना आणि डोक्याला फांद्या देत वळते आणि मणक्याला लागून खाली पोटात उतरते. मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त, तेही धक्क्याधक्क्यानं, हयातभर तिच्यातून जातं. तिच्या भिंतीला तीन थर असतात. जुन्या गोधडीचे टाके उसवून आतला थर सुटावा तसा तिचा आतला थर सुटला, की रक्त त्या फटीत शिरतं आणि थर पुढेपुढे फाटत जातात. जिथून जाईल तिथल्या फांद्यांची तोंडं दाबली जातात. उजव्या हाताला रक्त मिळतं, डाव्याला नाही, किंवा उलट. वैद्य जी नाडी पाहत नाही, नेमकी तीच बंद पडलेली असू शकते.

शिलेदार लेप घेऊन उठतो. लष्कर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलेल. तुम्ही त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुढे सरका, आणि जरा लांब.

२५ ऑक्टोबर १७६०, सकाळ, लंडनचा केन्सिंग्टन राजवाडा. त्याच दोन-तीन दिवसांत, ज्याच्याशी लढायला भाऊ निघाले तो अब्दाली बागपतजवळ यमुना उतरतोय. इथे इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज, वय ७६, नेहमीच्या वेळी उठला, चॉकलेटचा प्याला घेतला आणि शौचाला गेला. बाहेर उभ्या नोकराला काहीतरी पडल्याचा आवाज येतो. तुम्ही त्याच्यामागून आत शिरता. राजा जमिनीवर आहे, कपाळाला खोक पडली आहे, आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. दुसऱ्या दिवशी राजवैद्य फ्रँक निकोल्स शव उघडतो. तुम्ही टेबलाच्या कडेला उभे राहा. वास येईल, पण हलू नका. हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्तानं तट्ट फुगलेली आहे, इतकी की आतल्या हृदयाला आकुंचन-प्रसरण करायला जागाच उरली नव्हती. महाधमनीच्या आतल्या बाजूला आडवी चीर, साधारण दीड इंच. तिच्यातून रक्त बाहेरच्या थराखाली गेलेलं. निकोल्स हे जसं दिसलं तसं लिहून काढतो आणि ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं जातं. या आजाराच्या नीट लिहून ठेवलेल्या पहिल्या वर्णनांत ते मोडतं. निकोल्सबद्दल मला आदर वाटतो तो याचसाठी: राजाच्या मृत्यूला भव्य कारण शोधण्याऐवजी त्यानं चिरेची लांबी मोजली.

परत मुलखात या. २३ सप्टेंबर १८०३, असई. भोकरदनच्या बाजूचं हे गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. दुपारपासून तोफा चालल्या आहेत. संध्याकाळी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेलेले किंवा जखमी आहेत, शिंदे-भोसल्यांच्या बाजूचे त्याहून पुष्कळ जास्त. फौजेचे डॉक्टर मोडलेले हातपाय कापताहेत. छातीत छर्रा लागून मोठी रक्तवाहिनी फुटलेला माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्यांच्या वहीत ती जखमही नाही. इथे फार थांबू नका.

१८७० च्या दशकात जालन्यात पलटणीची छावणी आहे. सकाळची कवायत चालू आहे. जाड लोकरीचे कोट, गळ्याशी आवळलेली कॉलर, छातीवरून आडवे गेलेले चामडी पट्टे, आणि वर मराठवाड्याचं ऊन. त्या काळात इंग्रजी फौजेच्या डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. तिशी-पस्तिशीतले धडधाकट सैनिक छातीतल्या महाधमनीला फुगा येऊन का मरतात? पुष्कळांनी दोष त्या पट्ट्यांना आणि कॉलरला दिला: आवळून बांधतात, वर जड ओझं, म्हणून नळी फुगते. कवायत पाहताना तुम्हालाही ते पटेल. पण १८७६ साली फ्रान्सिस वेल्च या लष्करी डॉक्टरानं इंग्लंडमधल्या शवविच्छेदनांवरून दाखवलं, की अशा सैनिकांत गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, पूर्वेतिहास फार मोठ्या प्रमाणात आहे. भिंत आतून आजारानं खाल्ली होती. पट्ट्यांचा संबंध नव्हता. पुढे पेनिसिलिन आलं आणि त्या जातीचे फुगे दुर्मीळ झाले. ज्यांना लपवायचा आजार होता त्यांची शवं उघडून, न लाजता लिहून ठेवलं गेलं, म्हणून हे कळलं.

१९०८ मध्ये जपानच्या फुकुओका शहरात नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली आहे. मिकितो ताकायासू एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्याचं चित्र दाखवताहेत: मज्जातंतूच्या मुळाभोवती बारीक रक्तवाहिन्यांनी कडं केलेलं. ओनिशी आणि कागोशिमा हे दोन डॉक्टर सांगतात, आमच्याकडच्या अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही. डोळा आणि मनगट यांचा संबंध पहिल्यांदा एकाच खोलीत बोलला जातो. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना धरणाऱ्या या आजाराला ताकायासूंचं नाव मिळालं. आता मात्र जालन्याला परत चला, कारण या गोष्टीचा मोठा भाग आपल्याकडे घडला.

१९६३. जालना स्टेशन. जिल्हा अजून औरंगाबाद. जालना वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचं आहे. फलाटावर वाफेचं इंजिन लागलेली मीटरगेजची गाडी उभी आहे. मनमाडला उतरायचं, तिथे मोठ्या रुळांवरची मुंबईची गाडी धरायची. तुमच्या समोरच्या बाकावर अंबडकडची एक मुलगी बसली आहे, एकोणीस-वीस वर्षांची, सोबत वडील. ही मुलगी कुठल्याही नोंदीतली नाही. त्या वर्षांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून अशा मुली मुंबईला येत होत्या. त्यांतली एक समजा. लग्न होऊन दोन वर्षं झाली आहेत. आधी बारीक ताप, अंग दुखणं, वजन उतरणं. मग जात्यावर बसली की डावा हात भरून येई, थांबावं लागे. पाण्याचा हंडा घेऊन निघाली की पोटऱ्या वळत. डोकं सतत ठणके. सासरच्यांना वाटलं, कामाचा कंटाळा करते. पुष्कळ दिवस तिनं अंगावर काढलं. मग गावच्या वैद्यानं रीतीप्रमाणे डावा हात धरला, बोटं वरखाली केली, पुन्हा ठेवली आणि घाबरून सोडून दिला. नाडी लागेना. मुलगी तर समोर बसून बोलत होती. घरात रडारड सुरू झाली.

गाडी बदनापूर सोडते तेव्हा तुम्ही तिचं मनगट हातात घ्या. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे टणटण, बोटाला ढकलणारी. रात्र पडते. वडील धोतराच्या सोग्यात बांधलेले पैसे दोनदा चाचपतात. मुलगी मनमाडला पूल चढताना मधेच थांबते आणि म्हणते, "दादा, पाय चालंना."

सकाळी परळ. गिरण्यांचे भोंगे, ओल्या कापसाचा वास, आणि १९२६ पासून इथे उभं असलेलं केईएम रुग्णालय. बाहेरच्या रांगेत अर्धी मुंबई आणि अर्धा महाराष्ट्र. तरुण डॉक्टर तिची तपासणी करतो ती नीट पाहा. तो दोन्ही मनगटं धरतो. मग दोन्ही दंड, गळ्याच्या दोन्ही बाजू, दोन्ही जांघा. रक्तदाब दोन्ही हातांना घेतो आणि मग, तिच्या वडिलांना काही उमगायच्या आत, पायालाही. उजव्या हातात दाब भयंकर चढलेला, पायात जेमतेम. नळी पोटावर ठेवतो आणि कान देतो. बेंबीच्या वर आत कुठेतरी अरुंद जागेतून रक्त घासत जात असल्याचा आवाज येतो. तुम्हालाही ऐकू येईल. वैद्याची तीन बोटं एका मनगटावर थांबली होती, इथे बोटं सगळ्या अंगभर फिरली.

या विभागाचे प्रमुख डॉ. प्रफुल्लकुमार सेन. त्यांच्यासोबत डॉ. गुरुकुमार परुळकर, पुढे केईएमचे अधिष्ठाता झालेले आणि १९९८ साली पद्मभूषण मिळालेले. आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी डॉ. सुमन किनरे. १९६२-६३ च्या सुमारास या मंडळींच्या लक्षात आलं, की जपानी पुस्तकांत वाचलेला आजार आपल्याकडे वेगळा वागतो. तिकडे तो बहुतेक वरच्या बाजूला, हाताच्या आणि मानेच्या फांद्यांना धरतो. आपल्याकडे तो खाली उतरतो: छातीचा खालचा भाग, पोटातली महाधमनी, मूत्रपिंडांच्या धमन्या. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रक्तदाब वाढवण्याचा हुकूम सोडतं, आणि विशीतल्या मुलीला साठीतल्या माणसाचा रक्तदाब होतो. १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा लेख आला, महाधमनीच्या मधल्या भागाच्या या अरुंदपणावर. तुम्ही रुग्णालयात आहात त्याच वर्षी.

मुलीला पालथं झोपवलं आहे. त्या काळी महाधमनीचं चित्र काढायची एक पद्धत अशी: पाठीतून लांब सुई थेट महाधमनीत, तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारं औषध जोरात सोडायचं आणि भराभर फिल्मा काढायच्या. औषध जाताच तिला सगळ्या अंगात आग पसरल्यासारखं होतं, ती ओरडते. फिल्मा अजून ओल्या असतानाच लोक उजेडासमोर धरतात. पांढरा रुंद प्रवाह खाली येतो, पोटाच्या वर अचानक बोटाएवढ्याचा काडीएवढा होतो, आणि पुन्हा रुंद. डाव्या मूत्रपिंडाची धमनी जवळपास दिसतच नाही.

आता जिना उतरून किनरेंच्या टेबलापाशी या. इथे दुसरीच एक तरुणी आहे. गेल्या आठवड्यात वारलेली. तिच्या माणसांनी हो म्हटलं म्हणून हे होतंय. महाधमनी वरपासून खालपर्यंत उभी उघडून ठेवली आहे. हात लावा. मऊ, लवचीक असायला हवी ती जाड आणि ताठ झाली आहे, आतला पृष्ठभाग सुरकुतलेला, बाहेरचा थर आजूबाजूला चिकटलेला. आणि तिच्या लगतच्या गाठींमध्ये क्षयाच्या खुणा. हे एकदाच नाही, पुन्हापुन्हा दिसलं. १९७० साली किनरेंनी लहान वयातल्या या महाधमनीच्या दाहावर आणि क्षयाशी असलेल्या त्याच्या सोबतीवर लेख लिहिला. क्षयामुळेच हा आजार होतो असं आजही सिद्ध झालेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिनीवर उलटते एवढं कळलंय. १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचा ग्रंथ या गटानं मुंबईतून प्रसिद्ध केला. एकशे एक. आजच्या संशोधनात हजारांचे आकडे असतात, तरी मला हा आकडा मोठा वाटतो, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या दोन्ही मनगटांवर, दोन्ही जांघांवर कुणीतरी बोटं ठेवली होती, आणि जे गेले त्यांच्या महाधमन्या कुणीतरी सुरकुती-सुरकुतीनं पाहिल्या होत्या.

शस्त्रक्रियागृहात जा. टेबलाशेजारी एका वाटीत मुलीचंच रक्त आहे आणि त्यात डॅक्रॉनची विणलेली नळी भिजत घातली आहे. कापडाची छिद्रं तिच्याच गोठलेल्या रक्तानं आधी बुजवायची, नाहीतर टाके घातल्यावर नळी पाझरत राहील. या कापडाच्या अशा नळ्या १९५० च्या दशकातल्या. ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलं होतं म्हणून डॅक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्यांनी त्याच्या नळ्या शिवल्या. आता परळमध्ये ती नळी अरुंद भागाला वळसा घालून वरच्या आणि खालच्या महाधमनीला जोडली जातेय. चिमटा लागतो, घड्याळ सुरू होतं. चिमट्याखालच्या शरीराला रक्त कमी: मूत्रपिंडं, आतडी, आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. टाके लवकर घातले तर घाईत निसटतील, सावकाश घातले तर कणा उपाशी राहील. खोलीत कुणी बोलत नाही, फक्त कुणीतरी मिनिटं सांगतंय.

रात्री ती शुद्धीवर येते तेव्हा पहिला प्रश्न दुखतंय का हा नाही. "बाळ, पायाची बोटं हलव." वडील दाराशी उभे आहेत, त्यांना कळत नाही की छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर पायाकडे का बघताहेत. बोटं हलतात. मग लघवीच्या बाटलीवर तासातासाची खूण, छातीतल्या नळीतून येणाऱ्या रक्ताचं माप, दोन्ही पायांची नाडी. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत अशीच येते: रक्तस्राव, मूत्रपिंड बंद पडणं, कमरेखालचं लुळेपण, मेंदूत गुठळी, हृदयाची लय बिघडणं, जखमेत पू. तिचं पुढे काय झालं हे मी रचून सांगणार नाही. त्या वॉर्डातून काही मुली चालत घरी गेल्या आणि काहींच्या घरी तार गेली.

त्याच इमारतीत फेब्रुवारी १९६८ मध्ये या. बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिलं हृदयरोपण करून अडीच महिनेही झालेले नाहीत आणि सेन यांच्या गटानं एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं आहे. भारतातलं पहिलं. ते धडधडतं, तुम्ही ते पाहता. पण रुग्ण काही तासच जगतो. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही एक दिवस पुरा करू शकत नाही. पुढे २६ वर्षं, १९९४ पर्यंत, दिल्लीच्या एम्समध्ये यश येईतो, या देशात हृदयरोपण थांबलं. काही जण सेन यांना उतावळे म्हणाले. मला तसं वाटत नाही. तंत्र त्यांच्याकडे होतं. बसवलेलं हृदय शरीरात टिकवून धरणारं शास्त्र आणि मेंदूमृत्यूचा कायदा, या दोन्ही गोष्टी अजून यायच्या होत्या.

आता काही वर्षं भराभर ओलांडा. १९६८, लंडन: बेंटॉल आणि डी बोनो झडपेसकट महाधमनीचं मूळच बदलतात. १९७५, कॅलिफोर्निया: ग्रिप रुग्णाला १८ अंशांच्या आसपास गार करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात आणि मेंदूला फार इजा न होता महाधमनीचं वळण शिवतात. १९९३, ह्यूस्टन. इथे थांबा. स्टॅनली क्रॉफर्ड यांच्या गटानं छाती आणि पोट मिळून महाधमनीची शस्त्रक्रिया झालेल्या १५०९ रुग्णांचा हिशेब छापला आहे. जगातल्या सगळ्यात निष्णात हातांचा हिशेब. त्यात १६ टक्के रुग्णांच्या पायांतली ताकद गेली, थोडी किंवा सगळी. स्वतःच्या कामाचा असा आकडा छापायला धैर्य लागतं. तो छापला म्हणून पुढचा प्रश्न विचारता आला: कण्याभोवतीचं पाणी नळीनं थोडं काढून दाब कमी केला तर रज्जूला रक्त नीट पोचेल का? २००२ मध्ये त्याच शहरात १४५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करून हे तपासलं गेलं. पाणी न काढलेल्यांत १३ टक्क्यांचे पाय गेले, काढलेल्यांत २.६ टक्क्यांचे. कंबरेत घातलेली एक बारीक नळी. परळच्या त्या वडिलांना जे कळत नव्हतं त्याचं उत्तर यायला चाळीस वर्षं लागली.

३१ डिसेंबर २००५ ला, ह्यूस्टनमध्येच, ९७ वर्षांचे डिबेकी घरी असताना छातीतून मानेकडे कळ जाते. हा आजार उभ्या हयातीत ज्यानं शिवला त्याला निदान स्वतःच कळतं. फेब्रुवारीत, त्यांची शुद्ध हरपल्यावर, त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्याच पद्धतीनं डॅक्रॉनची नळी घातली. मग श्वासाचं यंत्र, डायलिसिस, रुग्णालयात कित्येक महिने. गुंतागुंतींची सगळी यादी त्यांच्या अंगावरून गेली. आणि ते बरे होऊन कामावर परतले, २००८ पर्यंत जगले.

आता आजचं जालना, रात्रीचे साडेअकरा. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये काम करणारे एक गृहस्थ, वय ५२, दोन मुलगे त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणताहेत. रक्तदाबाची गोळी त्यांनी दिवाळीनंतर सोडली होती, बरं वाटत होतं म्हणून. नऊ वाजता जेवून उठताना पाठीत दोन खांद्यांच्या मधे काहीतरी फाटलं असं ते म्हणतात. घरच्यांना वाटलं गॅस झाला. सोडा पाजला, पाठ चोळली. दीड तास त्यात गेला. ईसीजीत फारसं काही नाही. ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन ट्रेवर तयार आहे, कारण छातीत दुखतंय म्हटलं की पहिला संशय हृदयविकाराच्या झटक्याचा असतो आणि त्याला तेच लागतं. पण इथे तेच घातक ठरू शकतं.

ड्यूटीवरची डॉक्टर, वयानं तुमच्या मुलीएवढी, विचारते, "काका, दुखणं हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम. वीज पडल्यावानी."

ती थांबते. दोन्ही मनगटं धरते. उजव्या हातात रक्तदाब १९०, डाव्यात १३०. तुमच्या जिवाला क्षणभर बरं वाटेल, पण एक गोष्ट लक्षात असू द्या. २००० साली बारा केंद्रांतल्या ४६४ रुग्णांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात नाडीतला फरक जेमतेम १५ टक्क्यांमध्ये सापडला होता. छातीचा एक्सरे आठातल्या एकाचा तर अगदी स्वच्छ होता. पण कळ एकाएकी आली असं सांगणारे ८५ टक्के होते, आणि रक्तदाबाचा त्रास आधीपासून असलेले ७२. नाड्या सारख्या लागल्या म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. तिनं आधी प्रश्न विचारला, मग बोटं ठेवली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

ट्रे मागे जातो. वेदना आणि नाडीचा वेग दोन्ही खाली आणणारी औषधं सुरू होतात: ठोके साठच्या खाली, वरचा रक्तदाब १२० च्या आत, म्हणजे फाटत जाणाऱ्या थरावरचा धक्का कमी होईल. सीटी अँजिओ होते. पडद्यावर महाधमनीच्या पोकळीत एक पातळ पडदा लहरताना दिसतो, चढत्या भागापासूनच. चढता भाग फाटला असेल तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. त्या ४६४ रुग्णांपैकी चढता भाग फाटलेल्यांत शस्त्रक्रिया झालेले २६ टक्के दगावले, नुसत्या औषधांवर ठेवलेले ५८ टक्के. थोरला मुलगा विचारतो, "मॅडम, योजनेत बसतं का?" धाकटा फोनवर कुणाकडे तरी पैशांची जुळवाजुळव करतोय. डॉक्टर एका हातानं महात्मा फुले योजनेचे कागद पुढे करते आणि दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर मोठ्या केंद्रातल्या शल्यविशारदाला दोन्ही हातांचे आकडे, किती वाजता सुरू झालं ती वेळ, आणि रक्त पातळ करायचं औषध दिलेलं नाही हे सांगते. १०८ ची गाडी निघते. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. पूर्वीपासून मानत आले आहेत की शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातला एखादा-दुसरा रुग्ण जातो. अलीकडच्या नोंदींत तो वेग त्याहून बराच कमी दिसतो, पण थांबलेला नाही. १७६० पासून तुम्ही इथवर आलात ते गाडीतल्या या एका तासासाठी.

रस्त्यावर तुम्ही त्यांच्या उशाशी बसा. ते अर्धवट गुंगीत आहेत. "लघवीला लागलं नाही," ते कुजबुजतात, आणि परिचारक लगेच वेळ लिहितो, कारण मूत्रपिंडाची धमनी दबली आहे का याची ती खूण असू शकते. पायाची बोटं हलताहेत. डाव्या मनगटाची नाडी बारीक आहे, पण आहे.

पुढचे चार महिने पटकन जाऊ द्या. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडली, औषधानं सावरली. चौथ्या रात्री ते कुणालाच ओळखेनात, नळ्या ओढू लागले. घरचे हादरले, पण दोन दिवसांत भान आलं. हृदयावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे पुष्कळांना होतं आणि त्याबद्दल घरच्यांना आधी सांगायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. छातीचं हाड जुळेपर्यंत पोतं उचलायचं नाही. झडपेच्या जागी धातूची झडप बसली आहे, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि ठराविक काळानं, रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआरची तपासणी. पालेभाजी बंद नाही करायची, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. दात काढायचा असला तर आधी सांगायचं. खालच्या भागातला पडदा अजून तसाच आहे. तो फुगतो का हे पाहायला दरवर्षी सीटी.

आज ते तपासणीला आले आहेत, दोन्ही मुलांसह. जालन्यात आता २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांच्या मागे दोन विद्यार्थी उभे आहेत. डॉक्टर त्यांना पुढे बोलावतात आणि काकांचे दोन्ही हात त्यांच्या हातांत देतात. मग वळून मुलांकडे बघतात. महाधमनी फाटलेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यातल्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून दोघांचा इको करायचा आणि रक्तदाब आजच मोजायचा. धाकटा बाही वर करतो. थोरला म्हणतो, मला काहीच होत नाही, शेताची मशागत पडलीय, पेरणी उरकली की येतो.

"पेरणीआधी या," डॉक्टर म्हणतात, आणि वहीत गुरुवारची वेळ लिहून चिठ्ठी त्याच्या खिशात घालतात.